सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या ट्रॉली : वाचकांचे प्रश्न

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या वाचकांच्या पत्रांत सॅन फ्रान्सिस्कोची ती ‘टेकडीवरची ट्रॉली’ हमखास असते. यावेळचे सगळे प्रश्न तिच्याबद्दलच आहेत. बहुतेक पत्रांत तक्रारही एकच : दोन तास रांगेत गेले आणि आत चेंगरून उभं राहावं लागलं. ते टाळता येतं. त्यासाठी कुठली गाडी, कुठल्या टोकाला आणि कुठल्या वेळी, एवढं आधी ठरवायला हवं.

एफ लाइनच्या ट्रॉलीचं तिकीट दोन तास चालतं म्हणून तेच घेऊन आम्ही केबल कारमध्ये चढलो, तर कंडक्टरने नवीन तिकीट काढायला लावलं. दोन्ही जुन्या ट्रॉलीच ना? मग असं का? – एक वाचक, सांगली

कंडक्टर बरोबर होता. पर्यटकांच्या दृष्टीने दोन्ही ‘जुनी ट्रॉली’ असली, तरी या गाड्या पूर्णपणे वेगळ्या आहेत.

केबल कारला इंजिन नाही आणि मोटरही नाही. रस्त्याखालून सतत फिरणाऱ्या पोलादी दोरखंडाला धरून ती चालते. एफ लाइनची गाडी विजेवर चालते. तिच्या टपावरचा लांब दांडा वरच्या तारेला टेकलेला असतो आणि ती मार्केट स्ट्रीट व किनाऱ्यालगतच्या एम्बार्काडेरो रस्त्यावरून सपाटीवर धावते. दोन्ही सेवा म्युनी या शहर वाहतुकीच्याच आहेत, पण भाड्याचे नियम निराळे. एफ लाइनला बसचंच साधं भाडं लागतं आणि त्यावर दोन तास दुसरी बस किंवा लोकल ट्राम बदलता येते. केबल कारचं भाडं साधारण तिप्पट. त्यावर बदली नाही, दर चढण्याला नवं तिकीट. एका केबल कारमधून उतरून दुसऱ्या केबल कारमध्ये बसलात, तरी पुन्हा पैसे.

रस्त्यावर तिसराही एक प्रकार दिसेल. केबल कारसारखी रंगवलेली, पितळी घंटा वाजवणारी, पण रबरी टायरवर चालणारी गाडी. ती खाजगी सहलीची बस असते. म्युनीचा पास तिथे चालत नाही. ओळखायचं कसं, तर खाली बघा : रूळ आणि रुळांच्या मधोमध अरुंद खाच असेल, तर आणि तरच ती केबल कार.

पॉवेल आणि मार्केटच्या नाक्यावर एवढी रांग की आम्ही नाद सोडला. दुसरा काही मार्ग? – एक वाचक, ठाणे

त्या नाक्यावर सगळेच जातात, कारण गाडी हाताने फिरवायचं गोल टर्नटेबल तिथे आहे. ग्रिपमन, म्हणजे गाडी चालवणारा, आणि कंडक्टर सात टनांची गाडी ढकलून उलटी फिरवतात. ते जरूर बघा. पण बघण्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही.

केबल कारचे मार्ग तीन. पॉवेल-हाइड आणि पॉवेल-मेसन हे दोन पॉवेल-मार्केटहून निघतात. तिसरा कॅलिफोर्निया स्ट्रीटचा. तो एम्बार्काडेरो स्टेशनजवळ, मार्केट आणि कॅलिफोर्निया स्ट्रीट मिळतात तिथून निघून नॉब हिल चढतो आणि व्हॅन नेस अव्हेन्यूला संपतो. तिथे रांग फारशी नसते. कारण उघड आहे : या मार्गाच्या कुठल्याही टोकाला फिशरमन्स वॉर्फ हा पर्यटकांच्या गर्दीचा किनारा नाही. गाडी मात्र तितकीच जुन्या घाटाची, चढ दणदणीत, आणि बसायला जागाही जास्त. पॉवेलच्या गाडीत २९ जण बसू शकतात, कॅलिफोर्नियाच्या गाडीत ३४. ही गाडी दोन्ही टोकांनी चालवता येते, म्हणून तिला टर्नटेबल लागत नाही. नुसती केबल कारची मजा घ्यायची असेल, तर आमचा कौल हिलाच.

समुद्र, अल्कॅट्राझचं बेट आणि लोम्बार्ड स्ट्रीटची ती नागमोडी वळणं बघायची असतील, तर मात्र पॉवेल-हाइडला पर्याय नाही. मग वेळ साधा. गाड्या सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात. साडेआठच्या आत नाक्यावर असाल, तर पहिल्या-दुसऱ्या गाडीत जागा मिळते. रात्री जेवणं उरकल्यावरही रांग ओसरते आणि टेकडीवरून उतरताना शहराचे दिवे दिसतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा ही सर्वांत वाईट वेळ.

उलट बाजूने, म्हणजे किनाऱ्याकडून, यायचं असेल, तर पॉवेल-हाइडच्या हाइड आणि बीच स्ट्रीटवरच्या टोकापेक्षा बे आणि टेलर स्ट्रीटचं टोक बरं. तिथून पॉवेल-मेसन सुटते आणि रांग लहान असते. दोन्ही टोकांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. हाइडच्या रांगेत तासभर उभं राहण्यापेक्षा ही दहा मिनिटं केव्हाही परवडली.

मधल्या थांब्यावरही चढता येतं. तपकिरी-पांढरी पाटी असते, तिथे फुटपाथवरच उभं राहून हात दाखवायचा आणि गाडी पूर्ण थांबल्यावर पुढे व्हायचं. दोघं असाल तर ही युक्ती बरेचदा चालते. सहा जणांचं कुटुंब असेल, तर पहिल्या टोकालाच रांग लावा. भरलेली गाडी हात दाखवूनही निघून जाते आणि त्यात ग्रिपमनचा काही दोष नसतो.

आता जागा. पॉवेलच्या गाडीचा पुढचा भाग उघडा, बाकं बाहेरच्या दिशेला तोंड करून. मागे काचेची बंद खोली. हाइडकडे जाताना उजवीकडचं बाक धरा : लोम्बार्डची नागमोडी गल्ली उजव्या हाताला उतरते, कॉइट टॉवरही त्याच बाजूला. अल्कॅट्राझ हाइडचा माथा ओलांडला की थेट समोर दिसतं. पुढच्या उघड्या जागेत वारा झोंबतो, जुलै-ऑगस्टमध्ये तर जास्तच, कारण या शहरातला उन्हाळा धुक्याचा असतो. खाली खाडीच्या मुलखात तीस अंश असलं, तरी जाकीट सोबत हवंच.

फुटबोर्डवर उभं राहायची परवानगी आहे. खांब दोन्ही हातांनी धरायचा, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची किंवा आत ठेवायची. समोरून येणारी केबल कार अगदी अंगाजवळून जाते. फोटोसाठी बाहेर झुकलेल्याला सॅकचा फुगवटा लक्षात राहत नाही, आणि नेमका तोच अडकतो.

मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. दोरखंडाला धरून गाडी चालते हे समजलं, पण चढावर घसरत कशी नाही? आणि उतारावर लाकूड जळल्यासारखा वास आला, तो कसला? – एक वाचक, पुणे

साध्या ट्रामची चाकं रुळाला धरून ढकलतात. पोलादावर पोलादाची पकड बेताचीच, त्यामुळे एका मर्यादेपलीकडच्या चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागतात. केबल कारच्या चाकांकडे ढकलण्याचं काम नसतंच. ती नुसती घरंगळतात, ओढतो तो दोरखंड. म्हणून हाइड स्ट्रीटवरचा २१ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना एकवीस मीटर वर, ही गाडी चढते. इतर शहरांतल्या केबल गाड्या विजेच्या ट्रामने संपवल्या. या टेकड्यांवर त्या टिकल्या, त्याचं मूळ कारण हेच.

दोरखंड तयार करण्याचा धंदा असलेल्या अँड्र्यू हॅलिडी यांनी ही गाडी १८७३ च्या ऑगस्टमध्ये क्ले स्ट्रीटवर पहिल्यांदा चालवली. आज दोरखंड सुमारे ३२ मिलिमीटर जाडीचा आहे आणि ताशी साडेनऊ मैल, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर, या एकाच वेगाने दिवसभर फिरतो. चार दोरखंड आहेत : पॉवेल, मेसन, हाइड आणि कॅलिफोर्निया. चारही एकाच पॉवरहाउसमधून फिरवले जातात.

ग्रिपमनच्या हातातला उंच लोखंडी दांडा म्हणजे एका मोठ्या चिमट्याचा वरचा भाग. चिमटा रस्त्यातल्या खाचेतून खाली उतरलेला असतो. दांडा मागे ओढला की त्याचे जबडे दोरखंडावर मिटतात. कला आहे ती हळूहळू मिटण्यात. एकदम धरलं तर गाडी हिसका देते, सैल धरलं तर दोरखंड जबड्यांतून घासत जातो आणि जबड्यांच्या मऊ पोलादी पट्ट्या झिजतात. दोरखंड सारखा फिरत असल्यामुळे थांबायचं असलं की फक्त सोडायचं आणि ब्रेक लावायचा. चढावर पुन्हा निघणं जड जातं, म्हणून काही ठिकाणी गाडी चौकाच्या मधोमध, सपाट भागात थांबते. नवख्याला हा बेशिस्तपणा वाटतो.

ब्रेक तीन. एक चाकांवरचा, ग्रिपमनच्या पायाखाली. पॉवेलच्या गाडीत मागच्या चाकांचा ब्रेक कंडक्टरकडे असतो. दुसरा रुळांवरचा : दोन चाकांच्या मध्ये लाकडी ठोकळे असतात, ते थेट रुळावर दाबले जातात. तुम्हाला आलेला वास त्यांचाच. मऊ डग्लस फरचं लाकूड रुळावर चांगलं पकडतं, पण ठोकळे काही दिवसांतच झिजून बदलावे लागतात. तिसरा आणीबाणीचा : पोलादी पाचर खाचेत ठोकली जाते. ती इतकी घट्ट बसते की कधी कधी गॅस टॉर्चने कापून काढावी लागते. म्हणून तो दांडा कोणी उगाच ओढत नाही.

उतारावरचा खरा ब्रेक मात्र दोरखंडच. ग्रिपमन तो धरूनच उतरतो, त्यामुळे गाडी पंधराच्या वर जाऊ शकत नाही आणि उतरणाऱ्या गाडीचं वजन चढणाऱ्या गाडीला ओढायला मदत करतं. इंजिनिअरला आवडावा असा हिशेब आहे.

कॅलिफोर्निया आणि पॉवेलचा चौक मुद्दाम बघा. दोन दोरखंड तिथे एकमेकांना छेदतात. कॅलिफोर्नियाचा दोरखंड वर, पॉवेलचा खाली. पॉवेलच्या ग्रिपमनला चौकाआधी दोरखंड सोडावाच लागतो, नाहीतर त्याचा चिमटा वरच्या दोरखंडात अडकेल. मग गाडी नुसत्या गतीवर चौक ओलांडते आणि पलीकडे पुन्हा धरते. गती कमी पडली तर ती मधेच अडकते आणि तिला मागून ढकलावं लागतं. कोपऱ्यावर सिग्नलची छोटी केबिन आहे ती याच चौकासाठी.

सर्वांत घातक बिघाड म्हणजे दोरखंडाचा एखादा पीळ सुटणं. सुटलेली तार चिमट्यात गुंतली की ग्रिपमनला सोडता येत नाही, गाडी ओढली जात राहते. म्हणून अशी तार आली की दोरखंड थांबवणारे अलार्म वाटेत बसवलेले असतात. तुम्ही बसलेले असताना सगळ्या गाड्या एकदम जागच्या जागी थांबल्या, तर बहुधा तो दोरखंडच थांबवलेला असतो.

माझ्या आईचे गुडघे दुखतात, नातू दीड वर्षांचा, स्ट्रोलर सोबत. कोणती गाडी झेपेल? – एक वाचक, नाशिक

एफ लाइन. केबल कारची पायरी उंच आहे, व्हीलचेअर चढत नाही, स्ट्रोलर मिटवावाच लागतो आणि वळणावर उभ्या माणसाचा तोल जातो. आईंना केबल कारमध्ये बसवायचंच असेल, तर कॅलिफोर्नियाची गाडी, दुपारची वेळ टाळून, मधल्या बंद खोलीत. एफ लाइनवर ठरावीक थांब्यांवर व्हीलचेअरसाठी रॅम्प आहेत. इतरत्र दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. थांबे बरेचदा रस्त्याच्या मधोमध असतात, तिथे सिग्नलवरूनच जा.

पास घ्यावा की सुटी तिकिटं? मुलं १२ आणि ३ वर्षांची, आजोबा ७० चे. – एक वाचक, कोल्हापूर

म्युनीचा ‘व्हिजिटर पासपोर्ट’ एक, तीन किंवा सात सलग दिवसांचा मिळतो. त्यात केबल कार, एफ लाइन आणि बस सगळं येतं. दिवसात केबल कारमध्ये दोनदा आणि एफमध्ये एकदा तरी बसणार असाल, तर मोबाइलवर किंवा क्लिपर या प्रवासाच्या प्रीपेड कार्डावर घेतलेल्या पासचे पैसे वसूल होतात. एकदाच बसणार असाल, तर सुटं तिकीट. पास चालू केल्यावर दिवस रात्री बारापर्यंतच धरला जातो, चोवीस तास नव्हे. संध्याकाळी चालू केलात तर तेवढीच संध्याकाळ पदरात पडते. बार्ट आणि कॅलट्रेन या उपनगरी रेल्वे या पासात नाहीत, विमानतळावरून येताना तो दाखवू नका.

मोबाइलवरचं तिकीट चढण्यापूर्वी ‘ॲक्टिव्हेट’ करायचं असतं. टेकडीवर इंटरनेट गंडलं की लोक कंडक्टरसमोर फोन हलवत बसतात. हे आधीच उरका.

तीन वर्षांच्या मुलाला दोन्हीकडे तिकीट नाही. बारा वर्षांच्याला एफ लाइन आणि बस फुकट, कारण म्युनीत १८ वर्षांपर्यंत भाडं नाही. पाहुण्यांच्या मुलांनाही हे लागू आहे, अर्ज करावा लागत नाही. केबल कार मात्र त्यात येत नाही, तिथे चार वर्षांपर्यंतच फुकट. आजोबांना एफ लाइनवर ६५ च्या वरची सवलत मिळेल, वयाच्या पुराव्यासाठी त्यांचा भारतीय पासपोर्ट जवळ ठेवा. केबल कारवर ज्येष्ठांची सवलत फक्त सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर. एफवर तिकीट तपासनीस कधीही चढतात, पावती उतरेपर्यंत टाकू नका.

मुलगी सनीव्हेलला आहे. ती ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघंच जाऊन येऊ शकू का? कसं? – एक वाचक, डोंबिवली

नक्की. सनीव्हेलहून कॅलट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोच्या शेवटच्या स्टेशनला या. क्लिपर कार्ड चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा मशीनला लावा. उतरल्यावर विसरलात तर सर्वांत लांबचं भाडं कापलं जातं. नवे पाहुणे इथेच फसतात.

स्टेशनबाहेरून एन-ज्युडा ट्रामने एम्बार्काडेरो स्टेशन. वर आलात की कॅलिफोर्निया केबल कारचं टोक पावलांवर आहे. तिने पॉवेलच्या चौकापर्यंत जा, तो दोरखंडांचा छेद बघा, मग एक गल्ली पश्चिमेला आणि तीन गल्ल्या उत्तरेला चालत वॉशिंग्टन-मेसनच्या कोपऱ्यावर या. वाट बरीचशी उताराची. तिथे केबल कार म्युझियम आहे, प्रवेश फुकट, पण सोमवारी जाऊ नका. खरं तर ते चालू पॉवरहाउस आहे : चारही दोरखंडांची मोठी चक्रं तुमच्या डोळ्यांदेखत फिरत असतात. क्ले स्ट्रीटवरच्या पहिल्या कंपनीची आठ नंबरची गाडीही तिथे ठेवलेली आहे.

बाहेर आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. म्युझियमसमोर वॉशिंग्टन स्ट्रीटवरून जाणाऱ्या गाड्या परतीच्या, मार्केटकडे जाणाऱ्या. हाइडकडे जायचं असेल, तर एक गल्ली उत्तरेला जॅक्सन स्ट्रीटवर थांबा आणि गाडीवर ‘हाइड’ लिहिलेलं वाचूनच चढा. मेसनची गाडीही तिथूनच वळते. दोघंच असाल तर जागा मिळेल, पहिली नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या गाडीत.

हाइडच्या टोकाला उतरून बीच स्ट्रीटने दोन गल्ल्या पूर्वेला जा. जोन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एफ लाइनचा पहिला थांबा आहे. परतताना पिअर ३९ या गजबजलेल्या धक्क्याजवळ चढायला जाऊ नका, तोवर गाडी भरलेली असते. पिअर ३९ बघून झालं की उलट दहा-बारा मिनिटं चालत जोन्सला या, खिडकी तुमची. किनारा डाव्या हाताला राहील. फेरी बिल्डिंगशी उतरून पुन्हा एन ट्राम, पुन्हा कॅलट्रेन. संध्याकाळी पाचच्या आत गाडी पकडलीत तर बसायला मिळेल.

एफ लाइनची प्रत्येक गाडी वेगळ्या रंगाची का? आणि होडीसारखी उघडी ट्राम कधी मिळते? – एक वाचक, नागपूर

१९८२ ते ८४ या काळात केबल कारची सगळी यंत्रणा खणून नवी केली गेली. पर्यटकांसाठी काहीतरी हवं, म्हणून १९८३ मध्ये मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामचा उत्सव भरवला गेला. तो इतका गाजला की १९९५ मध्ये कायमची एफ लाइन सुरू झाली आणि २००० मध्ये फिशरमन्स वॉर्फपर्यंत वाढली. बऱ्याचशा गाड्या १९४०-५० च्या दशकांतल्या, गोलसर नाकाच्या ‘पीसीसी’ जातीच्या आहेत. ज्या ज्या शहरांत अशा गाड्या धावल्या, त्यांचे रंग त्यांना दिले आहेत. आत वाचायला पाटी असते. १०४० क्रमांकाची दिसली तर फोटो घ्या, उत्तर अमेरिकेत बांधलेली ही शेवटची पीसीसी, १९५२ ची.

मिलानच्या गाड्या १९२८ च्या. आत लांबच लांब लाकडी बाकं, इटालियन पाट्या, आणि रुळांवर चांगलाच खडखडाट. आवाज सहन होत असेल तर पीसीसी सोडून हिच्यासाठी थांबावं. होडीची ट्राम इंग्लंडच्या ब्लॅकपूलची, १९३४ ची. ती वरून उघडी असल्यामुळे चांगल्या हवेत आणि खास दिवशीच निघते. मार्केट स्ट्रीट रेल्वे या संस्थेच्या थेट नकाशावर त्या क्षणी कोणती जुनी गाडी कुठे आहे ते दिसतं. निघण्यापूर्वी तो बघा.

एफ लाइनची गाडी मध्येच थांबली, दिवे गेले आणि ड्रायव्हर उतरून मागे गेला. काय झालं असावं? – एक वाचक, सोलापूर

टपावरचा दांडा तारेवरून निसटला असावा. तारांच्या जोडावर किंवा वळणावर असं होतं. वीज त्या एकाच दांड्यातून येते, म्हणून दिवे आणि मोटर दोन्ही बंद. ड्रायव्हर मागच्या दोरीने दांडा खाली ओढून पुन्हा तारेखाली बसवतो. जमलं तर गाडी मिनिट-दोन मिनिटांत सुटते. तुम्ही आतच बसून राहा. मागून उतरून मदत करायला जाऊ नका, वर ६०० व्होल्ट असतात.